आल्तिनोच्या चढाचे पहिले शंभर मीटर

पुण्याहून नोकरीसाठी पणजीत आलेल्या आणि मळा या वस्तीत भाड्याने राहणाऱ्या एका सायकलस्वाराचा प्रश्न आहे. पुण्यात सुट्टीच्या दिवशी सत्तर-ऐंशी किलोमीटर आरामात व्हायचे. इथे घरामागच्या आल्तिनो टेकडीचा चढ मोजून चार-पाच मिनिटांचा, तरी अर्ध्यावर उतरून ढकलत न्यावी लागते. डावा गुडघा पुढून दुखतो, भर चढात चेन पडते आणि पावसात खाली यायचे म्हटले की पोटात गोळा येतो. सायकल अॅल्युमिनियमची, पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दाते, मागच्यांना ११ ते २८. कार्बनची घ्यावी का, की या गावात रोड बाइक चालवणेच चूक आहे, असे त्यांनी विचारले आहे.

चूक मुळीच नाही. मी पणजीत तेवीस वर्षे याच चढांवर सायकल चालवतो आणि शेजारपाजारच्यांच्या सायकली माझ्या बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून दुरुस्त करतो. त्या अनुभवावर सांगतो, कार्बन नको. तुमचे आणि सायकलचे मिळून वजन ८५ किलो धरू. कार्बनची घेतल्याने दोन किलो कमी झाले, तर तीन मिनिटांच्या चढात जेमतेम चार सेकंद वाचतील. त्या पैशात मागची कॅसेट (दात्यांच्या चक्रांचा संच), नवे ब्रेक पॅड आणि दोन चांगले टायर येतील आणि वर महिनाभराची मासळी सुटेल.

आधी हे चढ असे का आहेत ते समजून घ्या, म्हणजे स्वतःला दोष देणे थांबेल. गोव्याचा किनाऱ्यालगतचा भाग म्हणजे जांभ्याचे सडे. आपण घरे बांधायला जो चिरा वापरतो, तोच दगड. सड्याचा माथा कठीण आणि सपाट, पण कड एकदम तुटलेली. दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ सड्यांवर आहेत, विद्यापीठ ताळगावच्या सड्यावर आहे, आणि वास्कोत तर वस्तीचेच नाव सडा आहे. जुनी वस्ती मात्र खाली, नदीच्या नाहीतर खाडीच्या काठाला. खालून वर जाणारे रस्ते त्या तुटलेल्या कडेवरूनच काढलेले, तेही माणसे पायी चालत त्या काळातले. म्हणून इथला चढ भिंतीसारखा सुरू होतो आणि संपतोही लगेच. पर्वरी आणि बांबोळीचे महामार्ग याला अपवाद आहेत, कारण ते ट्रकांसाठी लांबवून काढले. पुण्यात तुम्ही सवय केलीत ती लांब, समान चढाची. शरीर तापायला तिथे दहा मिनिटे मिळतात. मळ्यातल्या घरातून निघालात की दुसऱ्याच मिनिटाला चढ अंगावर येतो. थंड पायांनी कोणालाही तो जड जाईल.

म्हणून पहिला उपाय फुकटचा. घरातून निघून थेट वर जाऊ नका. पाटो ओलांडून रायबंदरच्या बांधावर जा. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा बांध तीन किलोमीटरांहून थोडा लांब आणि टेबलासारखा सपाट आहे. डाव्या हाताला मांडवी, उजवीकडे मिठागरे. एकदा जाऊन या, घाम सुटू द्या, आणि मग आल्तिनोकडे वळा. तोच चढ दुसराच वाटेल.

चढ किती आहे हे मोबाइलवर बघू नका. एवढ्या छोट्या आणि वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस सरासरी काढते आणि मधला खरा टप्पा गिळून टाकते. गवंड्याची पाणसळ घ्या आणि बरोबर एक मीटरची सरळ पट्टी. पट्टी रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवायची, वर पाणसळ ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक उचलायचे. ते टोक जमिनीपासून जितके सेंटीमीटर वर, तितके टक्के चढ. बारा सेंटीमीटर म्हणजे बारा टक्के. सकाळी सहाला रस्त्यावर बसून हे करताना लोक विचित्र बघतात. मला एका आजोबांनी विचारले होते, ‘रस्तो विकूंक काडला काय रे?’ पण दोन-तीन ठिकाणी मोजले की कळते की सबंध रस्ता उभा नसतो. त्यातले तीस-चाळीस मीटर उभे असतात आणि आपण त्यांच्यासाठी काहीच शिल्लक ठेवलेले नसते.

अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९८३ पासून डर्टी डझन नावाची शर्यत होते. शहरातल्याच वस्त्यांमधले तेरा चढ एका दिवसात चढायचे. त्यातली कँटन अॅव्हेन्यू ही गल्ली ३७ टक्क्यांची सांगतात. पट्टीचे टोक सदतीस सेंटीमीटर वर! तिथे चांगले चांगले लोक आडवे होतात. आपल्याकडे तसले काही नाही, ही समाधानाची गोष्ट. पण त्यांना वळणावर समोरून मिनीबस येत नाही, हेही खरे.

आता दाते. तुमच्या सर्वांत हलक्या गिअरवर, म्हणजे ३४ ला २८, पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ९.३ किलोमीटर. पंधरा टक्क्यांच्या टप्प्यावर ८५ किलो या वेगाने वर न्यायला सुमारे ३३० वॅट लागतात. रोज सराव करणाऱ्यालाही हे फार वेळ जमत नाही. मग तुम्ही काय करता? वेग कमी करता. पेडल मिनिटाला चाळीस फेऱ्यांवर येते, वॅट कमी लागतात, पण प्रत्येक फेरीत पायाला तेवढाच जोर द्यावा लागतो, आणि तोही संथपणे, गुडघा वाकलेला असताना. तुमच्या गुडघ्याच्या दुखण्याचे अर्धे कारण इथेच आहे. मागे ३४ दात्यांची कॅसेट लावली तर एका फेरीत २.१ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी ७.७ किलोमीटर आणि साधारण २७५ वॅट. दोन-तीन मिनिटांसाठी हे निरोगी माणसाच्या आवाक्यात येते. ‘एवढा मोठा गिअर म्हाताऱ्यांचा’ म्हणणारे मित्र भेटतील. त्यांना आधी मळ्यातून वर चढून दाखवायला सांगा.

कॅसेट बदलताना एक सावधगिरी. तुमच्या मागच्या डिरेल्युरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, पिंजरा आखूड असेल तर तो ३४ दाते घेणार नाही. लांब पिंजऱ्याचा लागेल आणि चेनही नवी, जास्त कड्यांची. हे मी पैसे मोजून शिकलो. एका दुकानात मी मोठी कॅसेट बसवून घेतली. त्याने चेन जुनीच ठेवली आणि डिरेल्युर ज्यावर बसतो तो हँगर किंचित वाकलेला होता, तोही पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी चढावर हलक्यात हलका गिअर टाकला आणि कडकड आवाज करत डिरेल्युर सरळ स्पोकमध्ये गेला. चाक जागच्या जागी थांबले, मी कडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. अंगाला फारसे लागले नाही, पण डिरेल्युर, हँगर आणि सहा स्पोक गेले. तेव्हापासून दुकानातून बाहेर पडण्याआधी मी सायकल उलटी करतो, सर्वांत मोठ्या दात्यावर चेन टाकून पेडल हाताने फिरवतो आणि डिरेल्युर स्पोकपासून किती लांब आहे ते वाकून बघतो. ‘एल’ लिहिलेला छोटा स्क्रू असतो, तो त्यासाठीच. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

तुमची चेन पडते ती मात्र सायकलच्या दोषाने पडत असेल असे मला वाटत नाही. तुम्ही पुढची ५० वरून ३४ वर उशिरा आणता. चढ लागल्यावर, पायात पूर्ण जोर असताना लिव्हर दाबली की ताणलेली चेन धाडकन आत उडी मारते आणि तळाच्या नळीवर जाऊन बसते. चढ दिसला की, अजून सपाटावर असतानाच, पुढची छोटी करा. पाय क्षणभर रिकामे फिरतील, तेवढ्यापुरती मागची दोन दाते जड करा. इतके करूनही चेन पडली तरच मेकॅनिककडे जा.

आता मुख्य गोष्ट. पहिले शंभर मीटर लाज वाटेल इतके हळू जा. चढाच्या तोंडाशी पोचता तेव्हा अंगात सपाटावरचा वेग असतो, तो वाया जाऊ नये म्हणून आपण जोर लावतो, आणि सुरुवातीचे वीस सेकंद खरेच मजेत जातात. त्या वीस सेकंदांची उधारी पुढे दोन मिनिटे फेडावी लागते. माझी कसोटी साधी आहे: पहिल्या शंभर मीटरमध्ये शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. मी एकटा असलो की मोठ्याने पाढे म्हणतो. सातचा पाढा न तुटता संपला तर वेग बरोबर. मग उभा टप्पा आला की बोलणे बंद, श्वास तोंडाने, आणि सीटच्या पुढच्या टोकावर सरकून कोपर वाकवून छाती हँडलकडे न्यायची. असे केले नाही तर पंधरा टक्क्यांच्या पुढे पुढचे चाक हलके होऊन इकडेतिकडे हिंडायला लागते. उभे राहून चढायचे असेल तर कंबर सीटच्या वरच ठेवा. पार पुढे झुकलात तर मागच्या चाकावरचे वजन जाते, आणि ओल्या रस्त्यावर ते चाक जागीच गरगरते.

माझा गुरू कोण म्हणाल तर आमच्या वाड्यावर येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. एका गिअरची जड सायकल, मागे टोपलीत पोळी, उंडे, कांकणां, आणि हँडलला तो रबरी भोंपू. सपाटावर तो माझ्या पुढे जायचा. चढ आला की पहिल्या घरापाशीच शांतपणे उतरायचा, एक हात सीटवर, एक हँडलवर, आणि चालायला लागायचा. कधी धापा टाकताना दिसला नाही. मी त्याच चढावर जीभ बाहेर काढून पोचायचो, तेव्हा तो वरच्या फाटकाशी पाव मोजून देत असायचा. एकदा हसत म्हणाला, ‘सवकास, भाऊ. दोंगर खंय पळना.’ त्याला घरोघर वेळेवर पोचायचे होते, म्हणून आपली ताकद कुठे खर्चायची हे त्याला नेमके माहीत होते. तेव्हा उतरून ढकलण्यात कमीपणा मानू नका. फक्त पाय पूर्ण संपण्याआधी उतरा. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट वापरत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे. चढावर सायकल थांबते ती आधी सांगून थांबत नाही, आणि अडकलेल्या बुटासकट आडवे होण्याची पाळी नेमकी पर्यटक फोटो काढत असतानाच येते. पहिले दोन महिने साधी पेडल लावा.

वळणांवर एक बारकावा आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून चढताना डावे वळण आले की आपण वळणाच्या आतल्या अंगाला असतो, आणि आतले अंग सर्वांत उभे असते. वर चढत असाल आणि मागून काही येत नसेल, तर मागे बघून, हात दाखवून, आपल्याच लेनमध्ये थोडे बाहेर या. चढ लगेच सौम्य होतो. उजव्या वळणावर हा प्रश्न येत नाही, तिथे आपण आपोआप बाहेरच असतो. काही जण नागमोडी चढतात. त्याने फरक पडतो: पंधरा टक्क्यांचा रस्ता तीस अंश तिरका कापला तर तेराचा होतो. पण वस्तीतल्या रस्त्यावर हे पहाटेच करायचे. सातनंतर शाळेच्या मुलांना घेऊन निघालेल्या स्कूटर असतात, पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) असतात, आणि त्यांना तुमचा पुढचा वळसा कुठे आहे हे कळायचा काही मार्ग नसतो.

चढावर मध्येच थांबावे लागले आणि पुन्हा निघायचे असेल तर रस्त्याला जवळजवळ आडवी सायकल लावा, दोन्ही बाजू मोकळ्या बघा, एक पेडल घड्याळाच्या दोनच्या जागी आणा, आडवेच दोन फेऱ्या मारा आणि मग वर वळा. सरळ वर तोंड करून निघायचा प्रयत्न केला की दुसरा पाय पेडलवर पोचेपर्यंत सायकल मागे यायला लागते.

गुडघ्याचे उरलेले अर्धे कारण सीटची उंची. सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली न्या. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, आणि पुढून दुखणाऱ्या गुडघ्यात बहुतेक वेळा हेच निघते. अर्धा अर्धा सेंटीमीटर वर घ्या, एकदम नको. दोन आठवडे हलका गिअर आणि सुधारलेली सीट यावरही दुखले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, सायकलवाल्यांना विचारत बसू नका.

पाण्याबद्दल थोडेच. चढावर ताशी सात किलोमीटरला वारा लागत नाही, आणि इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. बाटलीत मी दोन चमचे आगळ (कोकमाचा खारा रस), साखर आणि पाणी घालतो. आगळात मीठ असतेच. बाटलीला लाल डाग पडतो आणि वास जात नाही, म्हणून ती बाटली वेगळी ठेवावी.

राहिला उतार, आणि माझ्या मते खरी विद्या इथेच आहे. चढावर फार तर दम लागतो, हाड मोडते ते उतारावर.

ब्रेक तापून फुटतील ही भीती आल्तिनोवर सोडून द्या. ८५ किलो पन्नास मीटर खाली आले तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात एका कपभर चहाचे पाणी उकळेल, तेवढीच. चोर्ला घाट उतरताना ही काळजी करायची. तिथे हात सतत लिव्हरवर ठेवू नका, जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पणजीत शत्रू ओल आहे. रिमचे ब्रेक असतील तर भिजलेल्या रिमवर चाकाची पहिली फेरी-दोन फेऱ्या ब्रेक जवळजवळ लागतच नाही. पॅड आधी पाणी पुसतो, मग पकडतो. म्हणून पावसात वळणाच्या बऱ्याच आधी हलकासा ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची. ताशी चाळीसच्या वेगात एका सेकंदात अकरा मीटर जातात. आल्तिनोच्या वळणांवर अकरा मीटरमध्ये एक फाटक, एक कुत्रा आणि एक उभी केलेली गाडी सहज बसते. मी तिथे पंचविसाच्या वर जात नाही. दोन्ही ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटते.

मी पडलो तो मुसळधार पावसात नव्हे. जूनचा पहिला आठवडा, रात्री एक सर येऊन गेलेली, सकाळी लख्ख ऊन. रस्ता कोरडा दिसत होता. एका वळणावर जांभळीच्या झाडाखाली सावली होती आणि सावलीत आठवडाभर गळून चिरडलेली जांभळे, वर उन्हाळ्यातली धूळ, स्कूटरींनी सांडलेले ऑइल, आणि त्या सगळ्यावर रात्रीची ओल. जांभळट काळा, साबणासारखा गुळगुळीत पट्टा. पुढचे चाक कधी गेले ते कळलेच नाही. कळले तेव्हा मी डाव्या कुशीवर घसरत होतो आणि सायकल माझ्या पुढे. वरच्या बाल्कावावरून एक बाई ओरडली, ‘बाबा, लागलें मू?’ कोपराला सात टाके, आणि अंगावर जांभळाचा डाग असा की घरी आईला ते सगळे रक्तच वाटले.

तेव्हापासून मी उतारावर सावल्या वाचतो. मे अखेर आणि जूनमध्ये आंबा, फणस, जांभूळ यांच्या खाली सायकल सरळ ठेवायची, ब्रेक सोडायचे आणि तसेच पार व्हायचे. जुलैपासून गडग्यांच्या कडेने हिरवे शेवाळ रस्त्यावर उतरते, म्हणून अगदी डावीकडे चिकटून चालायचे नाही. कडेपासून हातभर आत. गटारांवरच्या लोखंडी जाळ्या आणि झाकणे ओली असतील तर काटकोनात ओलांडा. टायर २८ मिलिमीटरचे घ्या. माझे वजन ७२ किलो. हवेचा दाब उन्हाळ्यात मागे ७५ पीएसआय, पावसात ६५. शंभर पीएसआय भरणारे अजून भेटतात, त्यांना पहिल्या खड्ड्यातच कळते. पावसाळ्यात लाल माती पॅडमध्ये रुतून रिम कानशीसारखी घासते. आठवड्यातून एकदा पॅड काढा, टाचणीने खडे उकरून काढा. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. चेनला पावसात घट्ट तेल, आणि समुद्राच्या हवेमुळे घरात ठेवलेल्या सायकलच्या चेनलाही महिन्याने गंज दिसतो, हे पुण्याच्या माणसाला नवीन असेल.

सरावासाठी आल्तिनो शेवटी ठेवा. फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत तर रविवारी मुळीच जाऊ नका. तिथे लोक फोटोसाठी न बघता मागे मागे चालत येतात. रविवारी पहाटे रायबंदरवरून जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाडी. बोटीत सायकल जाते. फक्त उतरताना रॅम्पवर चालत जा, लोखंड ओले असते. बेट बहुतेक सपाट, पण पिएदादला टेकडीवर चर्च आहे. तिथला रस्ता छोटा, वाहने कमी, आणि पडलात तरी बघायला फारसे कोणी नाही. तो चढ एका सकाळी चार वेळा करा: पहिल्यांदा फक्त गिअर वेळेवर टाकायला शिका, दुसऱ्यांदा पाढा म्हणत चढा, तिसऱ्यांदा मुद्दाम मध्येच थांबून पुन्हा निघा, चौथ्यांदा सायकल ढकलत वर न्या आणि नुसता उतार सावकाश उतरा. परतीची बोट चुकली तर पुढची येईपर्यंत धक्क्यावर बसा. आगळ उरले असेल तर तेव्हाच संपवा, उन्हात राहिले की आंबते.